तेलात उकळलं म्हणून लाकूड पोलादी होत नाही

‘लाकूड गरम तेलात उकळा, तेल मुरतं आणि ते लोखंडासारखं होतं’ हे ऐकून ऐकून कान किटले. यात अर्धंच खरं आहे.

जर्मनीत रूढ झालेल्या पद्धतीत लाकूड १८० ते २२० अंश सेल्सिअसच्या वनस्पती तेलात ठेवतात. तेलाचं मुख्य काम सगळीकडे सारखी उष्णता पोचवणं आणि हवा दूर ठेवणं. खरा बदल घडवते उष्णता. लाकडातला पाणी ओढणारा घटक, हेमिसेल्युलोज, तुटतो. म्हणून लाकूड कमी फुगतं, बुरशीला सहज बळी पडत नाही. ताकद मात्र वाढत नाही, उलट घटते. असं लाकूड ठिसूळ होतं, वाशाला किंवा तुळईला वापरू नये.

कठीणपणा येतो दाबाने. पॉपलरसारख्या झाडाचं हलकं, मऊ लाकूड तापवून दाबलं की पेशी चपट्या होतात, घनता वाढते. पण नुसतं दाबलेलं लाकूड पाण्यात टाका, बरंचसं फुगून पुन्हा मूळ जाडीकडे जातं! दाबानंतरची तेलातली उष्णता हे फुगणं रोखते. म्हणून दोन्ही प्रक्रिया जोडीने करतात.