शनी : वेध, कल्पना आणि उपासना

शनी हा सूर्यमालेतील सहावा ग्रह असून नुसत्या डोळ्यांनी सहज दिसणाऱ्या पाच ग्रहांपैकी तो सूर्यापासून सर्वांत दूर आहे. हे सरासरी अंतर सुमारे १४३ कोटी किमी. आहे. त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ९५ पट, पण सरासरी घनता पाण्याच्या ०.६९ पट, म्हणजे पाण्याहूनही कमी आहे. दुर्बिणीचा शोध लागेपर्यंत माणसाला शनीविषयी दोनच गोष्टी कळत होत्या : त्याचा सहसा न लुकलुकणारा, फिकट पिवळसर प्रकाश आणि त्याची अतिशय संथ चाल. शनीभोवती रचल्या गेलेल्या दैवतकथा, फलज्योतिष आणि गूढविद्या यांचा बहुतेक डोलारा या चालीवर उभा आहे. विज्ञानाला आणि विज्ञानकथेला मात्र भुरळ घातली ती १६१० नंतर दुर्बिणीतून दिसलेल्या कड्यांनी.

शनीला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करण्यास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. बॅबिलोनियन निरीक्षकांनी त्याला ‘स्थिर’ अशा अर्थाचे नाव दिले होते. संस्कृतमधील ‘शनैश्चर’ या नावाचा अर्थ हळूहळू चालणारा असा आहे. ‘मंद’ आणि ‘पंगु’ ही त्याची इतर नावेही हेच सांगतात. शनी लंगडा का, याच्या कथा पुढे पुराणांतून व लोकपरंपरेतून आल्या, परंतु त्यांच्या मुळाशी आकाशातील निरीक्षणच असावे असे मानण्यास जागा आहे. हे निरीक्षण किती काटेकोर होते, हे आर्यभटाच्या एका शब्दावरून दिसते. इ. स. ४९९ च्या सुमाराच्या ‘आर्यभटीया’त एका महायुगातील, म्हणजे ४३,२०,००० वर्षांतील, शनीच्या फेऱ्या ‘ढुङ्विघ्व’ या सांकेतिक शब्दात सांगितल्या आहेत. आर्यभटाच्या अक्षरपद्धतीने ‘ढु’ म्हणजे १,४०,०००, ‘ङ्वि’ म्हणजे ६,५०० आणि ‘घ्व’ म्हणजे ६४. त्यांची बेरीज १,४६,५६४ होते आणि तिने महायुगाच्या वर्षांना भागल्यास एका फेरीला २९.४७५ वर्षे येतात. आजचा आकडा २९.४६ च्या आसपास आहे. उच्चारताना जीभ अडखळावी अशा या तीन अक्षरांत पिढ्यान्‌पिढ्यांचे वेध साठवलेले आहेत.

साडेएकोणतीस वर्षे बारा राशींत वाटली की एका राशीच्या वाट्याला सुमारे अडीच वर्षे येतात. जन्मराशीच्या अलीकडची रास, जन्मरास आणि तिच्या पुढची रास अशा तीन राशींतून शनी जाईपर्यंतचा काळ म्हणजे साडेसाती. तिचे अडीच-अडीच वर्षांचे तीन भाग पाडतात आणि त्यांना अडीचकी म्हणतात. ‘साडेसाती लागणे’, ‘शनी मागे लागणे’, ‘शनीची वक्रदृष्टी’ हे वाक्प्रचार ज्योतिषाशी काडीचा संबंध नसलेल्या मराठी माणसाच्याही तोंडी असतात. हिशेबच करायचा तर कोणत्याही क्षणी बारांपैकी तीन राशींना साडेसाती चालू असते, म्हणजे ढोबळमानाने दर चार माणसांत एक जण तिच्या फेऱ्यात असतो, आणि दीर्घायुषी माणसाच्या वाट्याला ती तीनदाही येते. या कल्पनेची लोकप्रियता तिच्या भीतीइतकीच तिच्या मुदतीतही असावी. संकट कितीही मोठे असले तरी ते कधी संपणार याची तारीख पंचांगात छापलेली असते.

पुराणांत शनी हा सूर्य आणि छाया यांचा पुत्र आहे. त्याची दृष्टी घातक मानली जाते. ब्रह्मवैवर्त पुराणातील कथेनुसार त्याने पाहताच बालगणेशाचे मस्तक धडावेगळे झाले. महाराष्ट्रात शनीची प्रतिमा ज्या ग्रंथाने घडवली तो म्हणजे तात्याजी महिपती यांचे ओवीबद्ध ‘शनिमाहात्म्य’. शनिवारी घरोघर त्याचे वाचन होत आले आहे. सर्वांत श्रेष्ठ ग्रह कोणता, अशी चर्चा उज्जयिनीच्या राजा विक्रमाच्या सभेत चालली असता राजा शनीचा उपहास करतो आणि त्याला साडेसाती लागते. परक्या नगरात, व्यापाऱ्याच्या घरी, चित्रातला हंस खुंटीवरचा मोत्यांचा हार गिळतो. चोरीचा आळ विक्रमावर येतो आणि त्याचे हातपाय तोडले जातात. पुढे तेल्याच्या घाण्यावर बसून तो दीपक राग आळवतो, तेव्हा नगरातले दिवे आपोआप उजळतात. राजाला तेलाच्या घाण्यावर आणून बसवणारी ही कथा शनीला तेल वाहण्याच्या रूढीशी सहज जुळते, आणि तिचा शनी क्रूर असला तरी हिशेबाला चोख आहे. मुदत संपताच तो गेलेले सर्व काही परत करतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील (पूर्वीचे अहमदनगर) नेवासे तालुक्यातल्या शनी शिंगणापूर येथे शनीची पूजा उघड्या चौथऱ्यावरील एका उंच काळ्या शिळेच्या रूपात होते. तिच्यावर छप्पर नाही. शनी स्वतः राखण करतो या श्रद्धेमुळे गावातील घरांना दारे-कुलपे न लावण्याची प्रथा प्रसिद्ध आहे. चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश नव्हता. आंदोलन आणि मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश यांनंतर एप्रिल २०१६ मध्ये, गुढीपाडव्याच्या दिवशी, तो खुला झाला. दक्षिणेत पुदुच्चेरीच्या कारैक्काल भागातील तिरुनळ्ळार हे शनीचे मोठे क्षेत्र असून शनी रास बदलतो तेव्हा तेथे प्रचंड गर्दी होते.

ग्रीकांनी या ग्रहाचा संबंध क्रोनॉस या देवाशी जोडला. आपल्याला पदच्युत करतील या भीतीने पोटची मुले गिळणारा हा देव पुढे काळाशी एकरूप मानला गेला. रोमनांचा सॅटर्न हा शेतीचा देव होता आणि डिसेंबरातील त्याच्या उत्सवात मालक व गुलाम यांच्यातील अंतर तात्पुरते पुसले जाई. टॉलेमीने शनीला थंड व कोरडा ठरवले, मध्ययुगीन वैद्यकाने त्याला काळ्या पित्ताचा म्हणजे विषण्णतेचा स्वामी केले आणि किमयागारांनी शिसे हा जड, निस्तेज धातू त्याच्या नावे लावला. मात्र सर्वांत वरच्या कक्षेतील ग्रह म्हणून त्याला मानही होता. इटालियन कवी दान्तेच्या काव्यातील स्वर्गात शनीचे मंडल ध्यानमग्न संतांचे आहे आणि तेथून एक सोनेरी शिडी वर जाते. इब्न अरबीच्या सूफी विश्वरचनेत हे सातवे आकाश इब्राहिमचे आहे. फ्लॉरेन्सचा तत्त्वज्ञ मार्सिलिओ फिचिनो याच्या कुंडलीत शनी प्रबळ होता. विषण्णता ही विद्वानांना मिळालेली देणगीही असू शकते, हा विचार त्याने १४८९ मध्ये मांडला. या गूढविद्यांत एकवाक्यता मात्र शोधू नये. युरोपीय परंपरेत प्रत्येक उभ्या-आडव्या ओळीची बेरीज १५ येणारा तीन बाय तीनचा जादूचा चौरस शनीचा आहे, तर भारतीय ग्रहयंत्रांत तोच चौरस सूर्याचा असून शनीच्या यंत्राची बेरीज ३३ येते.

जुलै १६१० मध्ये गॅलिलिओने शनीकडे दुर्बीण वळवली तेव्हा त्याला एका मोठ्या गोलाच्या दोन बाजूंना दोन लहान गोल दिसले. शोधावरचा हक्क राखण्यासाठी त्याने ही बातमी ३७ अक्षरांच्या कोड्यात लपवली. केप्लरने ते कोडे सोडवले, पण चुकीचे. मंगळाला दोन उपग्रह असल्याचे वाक्य त्याने त्यातून काढले. १६१२ मध्ये ते दोन सोबती नाहीसे झाले, तेव्हा चक्रावलेल्या गॅलिलिओने एका पत्रात विचारले, की शनीने आपलीच मुले गिळली काय? विज्ञानाच्या इतिहासातील एका खऱ्याखुऱ्या पेचासाठी त्याला शब्द मिळाले ते क्रोनॉसच्या कथेतून. उत्तर १६५९ मध्ये क्रिस्तियान हायगेन्सने दिले : शनीभोवती त्याला कुठेही न चिकटलेले एक पातळ, सपाट कडे आहे आणि ते कललेले असल्यामुळे सुमारे दर पंधरा वर्षांनी त्याची नुसती कडा पृथ्वीकडे येऊन ते दिसेनासे होते. १६७५ मध्ये कासिनी या खगोलशास्त्रज्ञाला कड्यातील काळी फट दिसली. कडे अखंड घन असेल तर ते टिकू शकणार नाही, ते असंख्य सुट्या कणांचेच असले पाहिजे, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८५९ च्या निबंधात गणिताने दाखवले. १८९५ मध्ये जेम्स कीलरच्या वर्णपटीय निरीक्षणांनी त्याला दुजोरा मिळाला. मुख्य कड्यांचा व्यास पावणेतीन लाख किमी.च्या आसपास असला, तरी जाडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटरच भरते.

कड्यांचे आकर्षण आजही ओसरलेले नाही. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात रांगेत उभे राहून पहिल्यांदाच शनी पाहणारा माणूस बहुधा डोळा बाजूला घेऊन दुर्बिणीच्या तोंडाशी वाकून बघतो, कारण आतले इवलेसे, रेखीव चित्र कोणीतरी भिंगावर चिकटवले असावे अशी त्याला शंका येते.

साहित्यात शनीवासी आले ते उपरोधाच्या वाटेने. व्हॉल्तेअरच्या १७५२ मधील ‘मिक्रोमेगा’ या कथेत शनीवरचा एक विद्वान तक्रार करतो, की आम्हाला ७२ इंद्रिये आहेत आणि आयुष्य जेमतेम १५,००० वर्षांचे. ग्रह बर्फाच्छादित उपग्रहांचा व कड्यांचा आहे हे कळल्यावर कथांचा रोख बदलला. आयझॅक ॲसिमॉव्ह यांच्या १९५२ मधील एका कथेत मंगळावरचे वसाहतकार पाण्यासाठी शनीच्या कड्यांतून बर्फाचा प्रचंड तुकडा ओढून आणतात. आर्थर क्लार्क यांच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या १९६८ च्या कादंबरीतले यान शनीच्या आयपेटस उपग्रहापर्यंत जाते. त्याच नावाच्या चित्रपटात ते गुरूपाशीच थांबते, कारण पटतील अशी कडी पडद्यावर उभी करणे तेव्हा जमले नाही. चित्रकार चेस्ली बोनस्टेल यांनी १९४४ मध्ये शनीचा उपग्रह टायटन याच्या निळ्या, स्वच्छ आकाशात लटकलेला शनी रंगवला आणि अनेकांच्या मनात अंतराळप्रवासाची ओढ पेरली. १४ जानेवारी २००५ रोजी ‘हायगेन्स’ हे यान टायटनवर उतरले तेव्हा तेथे नारिंगी धुरके आढळले. अशा आकाशातून साध्या डोळ्यांना शनी दिसणे अवघडच.

त्या यानाला नेणाऱ्या ‘कासिनी’ने २००४ ते २०१७ अशी तेरा वर्षे शनीभोवती घिरट्या घातल्या. २००५ मध्ये एन्सेलाडस या लहान उपग्रहाच्या दक्षिण ध्रुवाजवळून उडणारे बाष्प व बर्फकणांचे फवारे तिने टिपले आणि त्याच्या पोटात समुद्र असल्याचे पुढे स्पष्ट झाले. तेथे जीवसृष्टी असलीच तर पृथ्वीवरचे सूक्ष्मजीव तिच्यापर्यंत पोहोचू नयेत, म्हणून १५ सप्टेंबर २०१७ रोजी कासिनीला शनीच्याच वातावरणात जाळून टाकण्यात आले. शनीच्या उत्तर ध्रुवावरील षट्कोनी वायुप्रवाह व्हॉयेजर यानांच्या चित्रांतून प्रथम लक्षात आला होता. त्याची प्रत्येक बाजू पृथ्वीच्या व्यासाहून लांब आहे. आजच्या तुर्कस्तानातील हर्रान येथील ग्रहपूजकांचे शनीमंदिर षट्कोनी होते, अशी नोंद दहाव्या शतकातील अरब लेखक अल्-मसूदीने केली आहे. या योगायोगातून प्राचीनांचे गुप्त ज्ञान शोधण्याचा मोह काहींना होतो. त्याच परंपरेत गुरूचे मंदिर त्रिकोणी आणि सूर्याचे चौकोनी होते, हे मात्र सांगायचे राहून जाते.

२३ मार्च २०२५ रोजी शनीची कडी पुन्हा एकदा पृथ्वीच्या रेषेत आली. त्यानंतर सहाच दिवसांनी, २९ मार्चला, शनिवारी आणि अमावास्येला, शनीने निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या आधाराने मोजलेल्या, मीन राशीत प्रवेश केला. मकर राशीची साडेसाती संपली आणि मेषेची सुरू झाली. शनी त्या दिवसांत सूर्याच्या इतका जवळ होता, की कड्यांविना शनी पाहण्याची इच्छा असलेल्या निरीक्षकाला आणि साडेसाती सुटल्याच्या आनंदात आकाशाकडे पाहणाऱ्या मकरेच्या माणसाला अशा दोघांनाही तो दिसला नाही. कडी अशी मिटण्याचा पुढचा योग २०३८-३९ मध्ये आहे.