संगणकीय खेळांसाठी प्रोग्रामिंग भाषेची निवड

संगणकीय खेळाचा कोड कोणत्या भाषेत लिहायचा, हे ठरवण्याची प्रक्रिया. भाषेची सुबकता किंवा प्रोग्रामरची आवड यांपेक्षा खेळ कोणत्या यंत्रावर चालवायचा आहे, कोणते गेम इंजिन (चित्रांकन, टकरी यांसारखी नेहमीची कामे करणारे तयार सॉफ्टवेअर) घेतले आहे आणि हाताशी किती तयार कोड आहे, यांवरच ही निवड बहुधा ठरते.

सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या खेळात प्रत्येक फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्या वेळात खेळाडूने दाबलेले बटण टिपण्यापासून टकरींचे गणित व चित्रांकनापर्यंत सारे उरकावे लागते. जावा, सी शार्प यांसारख्या भाषांत वापरून झालेली मेमरी मोकळी करण्याचे काम गार्बेज कलेक्टर करतो. तो ऐन लढाईत सुरू झाला, तर चित्र क्षणभर अडखळते. म्हणून अशा भाषांत लिहिणारे प्रोग्रामर गोळ्यांसारख्या वस्तू आधीच तयार करून ठेवतात आणि त्याच पुन्हापुन्हा वापरतात. सी प्लस प्लसमध्ये मेमरीचा ताबा प्रोग्रामरकडेच राहतो. अर्थात मेमरी हाताळताना झालेल्या चुका निस्तरण्याचे कामही त्याच्याच वाट्याला येते.

अटारी २६०० (१९७७) या यंत्रात अवघी १२८ बाइट रॅम होती, त्यामुळे तिथे असेम्ब्ली या प्रोसेसरच्या आज्ञा थेट लिहिण्याच्या भाषेवाचून गत्यंतर नव्हते. ‘डूम’ (१९९३) मुख्यतः सी भाषेत लिहिला गेला आणि असेम्ब्ली मोजक्या, वेग लागणाऱ्या भागांपुरती उरली. ख्रिस सॉयर यांनी ‘रोलरकोस्टर टायकून’ (१९९९) जवळजवळ पूर्णपणे असेम्ब्लीत लिहिला, पण तोवर तो अपवादच ठरला होता.

आज भाषा निवडली जाते ती बहुतेकदा इंजिनाच्या आडून. अनरियल घेतले की सी प्लस प्लस आलीच. युनिटीचा गाभाही सी प्लस प्लसमध्ये असला, तरी खेळाचे नियम सी शार्पमध्ये लिहायचे असतात. गोडोने तर जीडीस्क्रिप्ट ही स्वतःची भाषा घडवली आहे. मोठ्या खेळांत दोन भाषाही सर्रास एकत्र नांदतात. शत्रूची ताकद थोडी कमी करून पाहण्यासाठी सारा सी प्लस प्लस प्रकल्प पुन्हा कंपाइल करत (यंत्राच्या भाषेत उतरवत) बसणे डिझायनरला परवडत नाही. त्यासाठी रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात १९९३ मध्ये तयार झालेली ल्युआ ही छोटी, इंजिनात सहज बसवता येणारी भाषा उपयोगी पडते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधील खेळाडूंनी रचलेली अ‍ॅड-ऑन तिच्यातच लिहिली जातात.

निव्वळ वेगच निर्णायक असता, तर ‘माइनक्राफ्ट’ जावामध्ये जन्मला नसता. त्या आवृत्तीचा कोड उलगडून बदलणे तुलनेने सोपे असल्याने तिच्याभोवती मॉड (खेळात बदल किंवा भर घालणारा कोड) लिहिणाऱ्यांचा मोठा समुदाय जमला; फोन आणि कन्सोलसाठीची बेडरॉक आवृत्ती मात्र सी प्लस प्लसमध्ये आहे. याउलट नॉटी डॉग या स्टुडिओचे उदाहरण आहे. ‘जॅक अँड डॅक्स्टर’साठी (२००१) अँडी गॅव्हिन यांनी लिस्प या जुन्या प्रोग्रामिंग भाषेच्या धर्तीवर ‘गोल’ ही भाषा व तिचा कंपायलर घडवला. खेळ चालू असतानाच कोड बदलून पाहण्याची सोय तिच्यात होती, परंतु इतर स्टुडिओंशी कोडची देवाणघेवाण करणे तिच्यामुळे अवघड झाले आणि प्लेस्टेशन ३ च्या काळात त्या स्टुडिओने इंजिनासाठी सी प्लस प्लस स्वीकारली.