साब ९०० टर्बो : बूस्ट व इंधनपुरवठ्यातील फेरबदल

स्वीडनमधील ट्रोलहेटनच्या साब कंपनीने १९७८ ते १९९३ या काळात बनवलेल्या पहिल्या पिढीच्या ९०० टर्बो मोटारीत टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, दाब (बूस्ट) वाढवणे आणि त्या दाबाला पुरेल इतके पेट्रोल इंजिनापर्यंत पोचवणे, ही जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये चांगली रुळलेली कारागिरी आहे. या गाडीत बूस्ट वाढवणे हाताच्या मळाएवढे सोपे आहे. वाढलेल्या हवेच्या प्रमाणात इंधन देणे आणि नॉकिंगवर (मिश्रण अवेळी पेटून इंजिनात बसणाऱ्या ठोक्यांवर) लक्ष ठेवणारी मूळ यंत्रणा शाबूत राखणे, हे खरे काम.

साबने १९७७ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ९९ टर्बो दाखवली. १९८५ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरी इंजिन, गॅरेटचा टर्बो आणि १४५ अश्वशक्ती असा तिचा संच होता व तोच पुढे ९०० मध्ये आला. नॉकिंग होऊ नये म्हणून संपीडन गुणोत्तर (सिलिंडरातले मिश्रण किती पट दाबले जाते ते) अवघे ७.२ ठेवले होते. त्यामुळे टर्बो जागा होईपर्यंत इंजिन मरगळलेले वाटे. यावर पेर गिलब्रांड या साबच्या अभियंत्याने ‘ऑटोमॅटिक परफॉर्मन्स कंट्रोल’, म्हणजे एपीसी, ही प्रणाली विकसित केली. १९८२ च्या मॉडेलवर्षापासून ती गाड्यांत आली आणि संपीडन ८.५ पर्यंत नेता आले. सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनात ते ९.० झाले, टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरसह या इंजिनाची ताकद १७५ अश्वशक्ती भरली.

एपीसीची रचना कळल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. वेस्टगेट म्हणजे टर्बाइनला (धुराच्या जोरावर फिरणाऱ्या टर्बोच्या चाकाला) वळसा घालून धूर सोडणारी झडप. ती स्प्रिंग आणि पडदा असलेल्या ॲक्च्युएटरने उघडते. स्प्रिंगच्या जोरावर मिळणारा मूळ दाब साधारण ०.३५ ते ०.४ बार असतो. कॉम्प्रेसरकडून (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाकडून) ॲक्च्युएटरकडे जाणाऱ्या नळीत एक सोलेनॉइड (विजेने चालणारी झडप) बसवलेला असतो. त्याच्या तीन तोंडांवर सी, डब्ल्यू आणि आर अशी रोमन अक्षरे असतात : कॉम्प्रेसर, वेस्टगेट आणि हवा परत इनटेककडे नेणारी वाट. वीज नसताना सी आणि डब्ल्यू जोडलेले राहतात, म्हणून बूस्ट मूळ दाबावर थांबतो. सोलेनॉइड स्पंद देऊ लागला की ॲक्च्युएटरकडचा काही दाब आर वाटे निसटतो, वेस्टगेट उशिरा उघडते आणि बूस्ट ०.७ बारच्या आसपास चढतो. इंजिन ब्लॉकवरच्या सेन्सरला नॉकिंगची थरथर जाणवली की एपीसी हा खेळ आवरता घेऊन बूस्ट मूळ दाबाकडे उतरवते. म्हणूनच हलक्या ऑक्टेनच्या पेट्रोलवरही गाडी तगते, फक्त जरा मंद धावते.

बूस्ट वाढवण्याची सर्वांत स्वस्त युक्ती म्हणजे ॲक्च्युएटरचा दांडा आटे फिरवून आखूड करणे. ती सर्वांत वाईटही आहे. एपीसी बूस्ट उतरवते ती मूळ दाबापर्यंतच. मूळ दाबच ०.७ बारवर नेऊन ठेवला तर नॉकिंग ऐकू येऊनही तिच्या हाती काही उरत नाही. ॲक्च्युएटरच्या नळीत बसवून काही दाब बाहेर सोडणाऱ्या साध्या ब्लीड व्हॉल्व्हचेही तेच. त्यापेक्षा एपीसीच्या डबीतील पी हा समायोजक फिरवून कमाल दाब वाढवणे कितीतरी शहाणपणाचे, कारण राखणदार जागा राहतो. शेजारचा के हा समायोजक मात्र नॉकिंगबाबतची संवेदनशीलता ठरवतो. त्याला हात लावणे म्हणजे राखणदाराच्या कानात बोळे घालणे होय.

मूळ दाब मोजण्यासाठी सोलेनॉइडचा विजेचा प्लग काढतात, इनटेक मॅनिफोल्डच्या नळीत टी-जोड घालून यांत्रिक दाबमापक लावतात आणि तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देत, ब्रेकने वेग धरून ठेवत, इंजिनाच्या मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या आसपास आकडा वाचतात. डॅशबोर्डवरचा मूळ काटा या कामाचा नाही. त्यावर पांढरा, पिवळा आणि लाल असे पट्टे आहेत, आकडे नाहीत.

इंधनाची बाजू इंजिनानुसार बदलते. आठ व्हॉल्व्हच्या गाड्यांत बॉशची के-जेट्रॉनिक ही यांत्रिक इंधनपुरवठा प्रणाली आहे : आत येणारी हवा एक तबकडी उचलते आणि त्या हालचालीनुसार वितरक सर्व इंजेक्टरांना (पेट्रोल फवारणाऱ्या तोट्यांना) अखंड पेट्रोल पुरवतो. येथे मिश्रण सुधारायचे तर तबकडीला विरोध करणाऱ्या ‘नियंत्रण दाबाशी’ खेळावे लागते; हे काम किचकट आहे आणि त्यातून मिळणारा वाव बेताचा. सोळा व्हॉल्व्हच्या गाड्यांतील एलएच-जेट्रॉनिकमध्ये तापलेल्या तारेचा हवामापक असतो आणि संगणक इंजेक्टर किती वेळ उघडे ठेवायचे ते ठरवतो. त्यामुळे बहुतेक फेरबदल याच गाड्यांवर होतात.

पहिली पायरी बहुधा इंजेक्टरांकडचा पेट्रोलचा दाब ठरवणाऱ्या इंधनदाब नियामकाची. २.५ बारऐवजी ३ बारचा नियामक बसवला की इंजेक्टरातून २० टक्के जास्त पेट्रोल येईल असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वाढ साडेनऊ टक्क्यांच्या आसपास भरते. शिवाय नियामक मॅनिफोल्डच्या दाबाला जोडलेला असतो. १ बार बूस्टवर पंपाला ४ बारविरुद्ध पेट्रोल ढकलावे लागते आणि दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो. तीस-चाळीस वर्षांचा पंप नेमका इथेच दगा देतो, तोही गाडी पूर्ण जोरात असताना. इंजेक्टरांचा हिशेबही आधीच करावा. १७५ अश्वशक्तीच्या पूर्ण भाराला ताशी ५५ ते ६० लिटर पेट्रोल लागते, म्हणजे चार इंजेक्टरांना प्रत्येकी मिनिटाला सुमारे २४० घनसेंटिमीटर. २२० अश्वशक्तीसाठी हाच आकडा ३०० च्या घरात जातो. इंजेक्टर कायम उघडा ठेवता येत नाही, त्यामुळे ३५० क्षमतेचा इंजेक्टर निवडणे इष्ट.

मिश्रण बरोबर आहे की नाही हे एक्झॉस्टमधील वाइडबँड सेन्सरवरूनच (हवा-इंधन प्रमाण मोठ्या पल्ल्यात मोजणाऱ्या सेन्सरवरूनच) पाहावे. गाडीचा मूळ लॅम्डा सेन्सर एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा या प्रमाणाच्या आसपासच नीट बोलतो. पूर्ण भारावर हवे असलेले हवा-इंधन प्रमाण साधारण १२ चे असते. तिथे लीन (इंधन कमी पडलेले) मिश्रण म्हणजे वितळलेला पिस्टन.

हवामापकाच्या पुढे कुठेही गळती झाली तर मोजलेली हवा इंजिनापर्यंत पोचत नाही आणि मिश्रण बिघडते. चिरलेले रबरी होजपाइप, सैल क्लिपा आणि इंटरकूलरचे सांधे तपासल्याशिवाय पुढचे काहीही करणे व्यर्थ आहे. बूस्ट मिळत नाही म्हणून दांडा आवळायचा आणि पुढे दोष निघायचा फाटक्या नळीत, हा प्रकार कोणत्याही जुन्या टर्बो गाडीच्या बाबतीत नेहमीचा. फुस्स आवाजासाठी हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्हही याच कारणाने इथे चालत नाही : मोजून झालेली हवा वाया जाते आणि दर गिअर बदलताना मिश्रण रिच (इंधन जास्त झालेले) होते.

दाब मर्यादेबाहेर गेल्यास इंधन तोडणारा एक स्विच कारखान्यातूनच बसवलेला असतो. एपीसीचा दाब वाढवला की तो मध्येच गाडीला हिसका देतो, म्हणून काहीजण त्याच्या तारा थेट जोडून टाकतात. तसे केल्यावर ॲक्च्युएटरची नळी निसटली तर बूस्टला आवर घालणारे काहीच उरत नाही. वरच्या मर्यादेचा स्विच शोधून बसवणे हाच योग्य मार्ग.

मोठी मजल मारायची असेल तर एलएच आणि एपीसी दोन्ही काढून साबच्याच पुढच्या पिढीची ट्रायोनिक ५ प्रणाली बसवतात. तीत प्रज्वलन (ठिणगी), इंधन आणि बूस्ट एकाच संगणकाकडे असतात. हवामापकाऐवजी मॅनिफोल्डमधील दाब मोजला जातो. नॉकिंग ओळखण्यासाठी वेगळा सेन्सर नसतो. स्पार्क प्लगच्या टोकांमधून वाहणारा आयनांचा प्रवाहच वाचला जातो. वायरिंगचे काम भरपूर असते, पण त्यानंतर इंधनाचे नकाशे लॅपटॉपवर बदलता येतात आणि नियामकाच्या आडवाटेने मिश्रण सुधारण्याची गरज राहत नाही.

या सगळ्याला खरी मर्यादा घालतो तो गिअरबॉक्स. ९०० मध्ये तो इंजिनाच्या खालीच बसतो आणि इंजिनाची ताकद साखळ्यांमधून त्याच्याकडे उतरते. कारखान्याचे २७३ न्यूटन-मीटर बलही त्याला सहज पेलत नव्हते. त्यामुळे जाणते मेकॅनिक कमाल बूस्ट खालच्या फेऱ्यांवर येऊ देत नाहीत. ३,००० फेऱ्यांवर मिळालेल्या धक्क्यापेक्षा ४,५०० नंतरची अश्वशक्ती गिअरच्या दात्यांना आणि पिनियनच्या (चाकांकडे ताकद नेणाऱ्या लहान दातेरी चाकाच्या) बेअरिंगना कमी जड जाते.