‘३.३’ आणि ‘३३’

२० जानेवारी १९९२ची संध्याकाळ. एअर इंटर या फ्रेंच कंपनीचं एअरबस ए-३२० विमान लिऑनहून स्ट्रासबुर्गला उतरायला आलं होतं. बाहेर अंधार आणि ढग. विमानाने ३.३ अंशांच्या हलक्या उताराने, म्हणजे मिनिटाला साधारण ८०० फुटांनी, खाली येणं अपेक्षित होतं. ते आलं ३,३०० फुटांनी, आणि मों सँत-ओदीलजवळच्या डोंगरावर आदळलं. ९६पैकी ८७ जण गेले.

वैमानिकांच्या समोरच्या काचेखाली एक पट्टी असते. तिथला एकच नॉब फिरवून उताराचा कोनही ठरवता येतो आणि उतरण्याचा वेगही. यांतलं काय, ते वेगळं बटण ठरवतं. त्या काळी कोन निवडला की खिडकीत दिसायचं ‘-३.३’, वेग निवडला की ‘-३३’. पुढची दोन शून्यं गाळलेली. वैमानिकांनी बहुधा कोन समजून आकडा लावला आणि संगणकाने तो वेग समजून पाळला, ही चौकशीत पुढे आलेली मुख्य शक्यता. शाळेत असलं दशांशचिन्ह राहिलं की बाई नुसता लाल गोल करायच्या! शिवाय उतरण्याचा बेत आयत्या वेळी बदललेला, दोघेही त्या गडबडीत. जमीन जवळ आली की ओरडणारं यंत्र या विमानात बसवलेलंच नव्हतं.

मला यात ‘वैमानिकाची चूक’ एवढंच म्हणणं पटत नाही. दोन वेगळ्या आज्ञा जवळजवळ सारख्या दिसत असतील, तर दमलेला डोळा कधीतरी फसणारच.

याआधी १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळुरूला गेलेलं इंडियन एअरलाइन्सचं ए-३२० धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानात कोसळलं होतं. त्यात ९२ जणांचा जीव गेला. उतरण्याच्या वेगाऐवजी शेजारचा उंचीचा नॉब फिरवला गेला असावा, असा तिथला अंदाज. मोड, म्हणजे संगणकाने विमान कसं चालवायचं ती पद्धत, असा लागला की इंजिनं मंद पडली आणि विमानाचा उडण्याचा वेग घटत गेला. कोणता मोड चालू आहे हे स्क्रीनच्या माथ्यावर लिहिलेलं असतं. ते ध्यानात यायला उशीर झाला.

स्ट्रासबुर्गनंतर एअरबसने खिडकी बदलली. आता वेग पूर्ण चार आकड्यांत दिसतो: ‘-३३००’. आणि मोड बदलला की वैमानिक स्क्रीनच्या माथ्यावरची ती अक्षरं मोठ्याने वाचतात, शेजारच्याने ती ऐकावीत म्हणून.