आंबूस वासाचं दुपटं

भाचीचं बाळ पंधरा दिवसांचं झालं तेव्हा तिच्या सासूबाईंचा फोन आला. बाळाची शी पिवळीधमक, पातळ, आणि तिला आंबूस वास. "पोट बिघडलंय. थोरल्याचं अँटिबायोटिकचं औषध फ्रिजमध्ये उरलंय, त्यातले दोन थेंब देऊ का?" मी जवळजवळ ओरडलोच. बाळ दूध नीट ओढत होतं, वजन वाढत होतं, ताप नव्हता. निव्वळ आईच्या दुधावरच्या बाळाची शी अशीच असते. तो आंबूस वास तर चांगलं लक्षण आहे, आणि तो येतो कुठून ही गोष्ट मला फार आवडते.

आईच्या दुधातून पाणी वगळलं तर सगळ्यात जास्त असते लॅक्टोज ही साखर, मग स्निग्ध पदार्थ. तिसरा क्रमांक प्रथिनांचा नाही, ओलिगोसॅकराइड नावाच्या छोट्या शर्करा-साखळ्यांचा. त्यांचे दीडशेहून अधिक प्रकार सापडले आहेत. गंमत अशी, की बाळाला त्या पचतच नाहीत. तोडायला लागणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, त्याच्याकडे नाहीत. बाळंतिणीचं शरीर इतकी ऊर्जा खर्चून बाळाला न पचणारा पदार्थ का बनवतं?

कारण ते जेवण बाळाच्या आतड्यातल्या जंतूंचं आहे. 1900 च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंरी तिसिए यांना आईच्या दुधावरच्या बाळांच्या शीत इंग्रजी वाय अक्षरासारखे दुफाटे जंतू दिसले. त्या दुफाट्या आकारावरूनच बायफिडोबॅक्टेरियम हे नाव आलं. त्यांतली तान्ह्या बाळांत खास आढळणारी उपप्रजाती म्हणजे इन्फँटिस. 2008 मध्ये तिचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात डीएनएच्या सुमारे 43 हजार अक्षरांचा एक सलग पट्टा निघाला आणि त्यावर याच साखळ्या उचलण्या-तोडण्याची हत्यारं ओळीनं मांडलेली.

इतर काही जंतूही या साखळ्या खातात, पण ते अंगणात बसून शेंगा फोडल्यासारखं खातात. विकरं बाहेर सोडतात, दाणे सांडतात, शेजारपाजारचे वेचून नेतात. इन्फँटिस अख्खी शेंगच घरात ओढते. तिच्या आवरणावरची प्रथिनं साखळी पकडतात, ती न तोडता पेशीत घेतली जाते आणि मग आत एकेक साखर सुटी होते. बाहेर कण सांडत नाही, उपद्रवी जंतूंना फुकटचं जेवण मिळत नाही.

जेवण झाल्यावर इन्फँटिस बाहेर टाकते ती आम्लं: लॅक्टिक, म्हणजे दह्यातलं, आणि त्याहून जास्त अॅसेटिक, म्हणजे व्हिनेगरमधलं. आंबूस वास त्याचाच. अॅसेटिक आम्लाचे रेणू दोन रूपांत असतात. एकात हायड्रोजन जोडलेला, म्हणजे विद्युतभार नसलेला. दुसऱ्यात तो सुटलेला, म्हणजे भारित. जंतूचं आवरण स्निग्ध असल्यामुळे भार नसलेला रेणू त्यातून सहज आत शिरतो. कोणतं रूप किती, हे सामूवर, म्हणजे पीएचवर ठरतं; तो जितका कमी, तितका आंबटपणा जास्त. पीएच 4.76 ला दोन्ही निम्मी-निम्मी. पीएच 5 ला भाररहित रेणू सुमारे 36 टक्के, आणि 6.5 ला जेमतेम 2 टक्के. आकडा दीडच अंकानं सरकतो आणि आत शिरणारं आम्ल अठरा-वीस पटींनी घटतं! आत गेल्यावर मात्र पेशीतलं वातावरण उदासीनच्या जवळचं असल्यानं रेणूतला हायड्रोजन सुटतो आणि पेशी आतून आंबत जाते. तो उपसून बाहेर फेकण्यातच तिची ऊर्जा संपते. ई. कोलाय आणि क्लेबसिएलासारखे जंतू अशा आतड्यात फोफावत नाहीत. व्हिनेगरमध्ये मुरवलेली मिरची याच कारणानं टिकते.

जंतूंनी प्रतिजैविकांना, म्हणजे अँटिबायोटिकना, दाद न देण्याचा प्रश्न इथे येतो. आतड्यात अशा प्रतिरोधाची जनुकं मोठ्या प्रमाणात असतात ती ई. कोलाय, क्लेबसिएला यांच्याच कुळात. प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या कड्यांवर बसून ती एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातात. यजमानच कमी झाले की जनुकांचा साठाही आटतो. बांगलादेश आणि स्वीडनमधल्या बाळांच्या अभ्यासात बायफिडोबॅक्टेरियाचं राज्य असलेल्या आतड्यांत ही जनुकं कमी आढळली. आता फ्रिजमधलं उरलेलं औषध आठवा. अँपिसिलिनच्या कुळातल्या औषधांनी बायफिडोबॅक्टेरिया मरतात, आणि क्लेबसिएला अँपिसिलिनला जन्मजातच दाद देत नाही. म्हणजे राखणदार मेला, चोर शाबूत.

हा चोर किती घातक आहे? 2011 ते 2014 या काळात दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत नवजात बाळांच्या रक्तातल्या जंतुसंसर्गाचा अभ्यास झाला. सापडलेल्या क्लेबसिएलांपैकी 54 टक्के आणि अॅसिनेटोबॅक्टर या दुसऱ्या एका जंतूपैकी 82 टक्के अनेक औषधांना पुरून उरणारे होते. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या आरोग्यदूतांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला आणि जंतुसंसर्गात जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटलेलं होतं. बाळ दूध ओढेनासं झालं, निपचित पडलं, अंग तापलं किंवा गार लागलं, तर प्रतिजैविकच जीव वाचवतं आणि तासभरही थांबू नये. म्हणूनच ते बोथट होता कामा नये.

ओडिशाच्या खेड्यांत 4,556 नवजात बाळांवर झालेला प्रयोग 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या बाळांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हा जंतू आणि त्याचं खाद्य दिलं. साठ दिवसांत रक्तातला जंतुसंसर्ग किंवा मृत्यू हे प्रमाण दुसऱ्या गटात 9 टक्के होतं, या गटात 5.4. मला हा निकाल विलक्षण वाटतो. पण तो विशिष्ट जंतूचा, दोन किलो किंवा जास्त वजनाच्या बाळांमधला आहे. दुकानातल्या कुठल्याही प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवंत जंतूंच्या, थेंबांना तो लावता येत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तर 2023 मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत इशारा दिला, कारण प्रोबायोटिक म्हणून दिलेली इन्फँटिसच एका अतिशय कमी वजनाच्या बाळाच्या रक्तात शिरली आणि ते दगावलं.

या साखळ्या सर्वांत दाट असतात पहिल्या दिवसांच्या पिवळसर चिकात, आणि "जड पडतं" म्हणून अजूनही काही घरांत तोच पिळून टाकतात. वर बाळाला सोनं उगाळून मध चाटवतात. मधात बोट्युलिझम या जीवघेण्या आजाराच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, त्यामुळे वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये. ही परंपरा कितीही जुनी असो, ती सोडायलाच हवी.

भाचीच्या सासूबाईंनी औषधाची बाटली टाकून दिली. आंबूस वास पुढेही काही महिने राहील. उष्टावण झालं, वरणभात सुरू झाला, की भाज्या-धान्यांचे तंतू खाणारे जंतू आतड्यात वस्तीला येतील, इन्फँटिसची संख्या हळूहळू घटेल आणि दुपट्याचा वास बदलेल.