मनुष्यबळ विकास आणि कामाच्या ठिकाणची नीतिमत्ता

मनुष्यबळ विकास म्हणजे कामावर असलेल्या माणसाला शिकवणं, त्याचं काम मोजणं, त्याला पुढच्या जागेसाठी तयार करणं, आणि हे सगळं आपोआप होईल म्हणून न सोडता ठरवून करणं. बोलताना सगळे एचआरडी (ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंट) म्हणतात किंवा नुसतंच एचआर, पण दोन्ही एक नाही. पगार, रजा, पीएफ, हजेरी, बदल्या हे एचआरचं रोजचं काम, आणि त्यातला शिकवण्याचा-वाढवण्याचा भाग तो एचआरडी. छोट्या कंपनीत मात्र दोन्ही कामं एकाच टेबलावर एकच मॅडम करतात आणि नीतिमत्तेचा निम्मा घोळ तिथूनच सुरू होतो, कारण ज्यांच्यापुढे तुम्ही मोकळेपणानं सांगता की मला हे मशीन अजून जमत नाही, ट्रेनिंग द्या, त्यांच्याच कपाटात तुमची फाईल असते आणि उद्या माणसं कमी करायची वेळ आली की यादीही त्याच टाईप करतात. मग एचआर आपला की कंपनीचा, हा कँटीनमधला जुनाच प्रश्न, आणि या विषयातलं बाकी सगळं फिरून फिरून त्यावरच येतं.

शब्दाबद्दल थोडंसं. इंग्रजीतलं हे नाव अमेरिकन प्राध्यापक लिओनार्ड नॅडलर यांनी १९६९ मध्ये पुढे आणलं. आपल्याकडे ते घराघरांत पोचलं ते वेगळ्याच वाटेनं, १९८५ साली राजीव गांधींच्या सरकारनं शिक्षण खात्याचंच नाव मानव संसाधन विकास मंत्रालय केलं, त्यामुळे पुढची ३५ वर्षं मराठी पेपरात हा शब्द आला की बातमी शाळा-कॉलेजची असायची. २०२० ला ते परत शिक्षण मंत्रालय झालं. बाकी संसाधन म्हटलं की कोळसा नाहीतर पाणी आठवतं, त्यापेक्षा मनुष्यबळ बरा, निदान मनुष्य आधी येतो.

नाव नवीन असलं तरी भानगड जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांत माणसं भरायचं काम जॉबरकडे असायचं, हाच मुकादम, हाच काम शिकवणार, रजा हाच देणार आणि काढूनही हाच टाकणार. गावाकडून आलेल्या माणसाला खात्यात घ्यायचं तर जॉबरला दस्तुरी, म्हणजे लाचच, द्यावी लागायची, बदली कामगाराला तर पाळी मिळावी म्हणून रोज गेटवर त्याचं तोंड बघत उभं राहावं लागायचं. म्हणजे भरती, ट्रेनिंग, अप्रेजल (कामाचं मूल्यमापन) आणि शिस्त हे सगळं एका माणसाच्या हातात, वर कागद कुठेच नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन काढली, १८९० मध्ये गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली, पण जॉबरची पकड त्यानंतरही बरीच वर्षं राहिली. कामगारांच्या स्थितीवरच्या १९३१ च्या रॉयल कमिशनच्या अहवालात जॉबरच्या या लाचखाऊ भरतीवर स्पष्ट बोट ठेवलं होतं आणि त्याऐवजी कारखान्यात लेबर ऑफिसर नेमा असं सुचवलं होतं. असे अधिकारी शिकवून तयार करायला पुढे संस्थाही उभ्या राहिल्या, आज टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) म्हणून माहीत असलेली संस्था १९३६ साली नागपाड्यात समाजकार्याची शाळा म्हणून सुरू झाली ती यातलीच एक. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टनं ५०० किंवा जास्त कामगार असतील तिथं वेल्फेअर ऑफिसर सक्तीचा केला. आता हा वेल्फेअर ऑफिसर पगार घेणार मालकाचा आणि बघणार कामगाराचं, म्हणजे प्रश्न गेला नाहीच, फक्त जॉबरच्या जागी डिग्रीवाला माणूस आला.

भारतात एचआरडी म्हणून वेगळं खातं सगळ्यात आधी निघालं ते लार्सन अँड टुब्रोमध्ये, १९७५ च्या सुमारास. १९७४ ला कंपनीनं आयआयएम अहमदाबादच्या उदय पारीक आणि टी. व्ही. राव या दोघांना बोलावलं होतं ते खरं तर फक्त अप्रेजलची पद्धत तपासायला. त्यांनी सांगितलं की नुसता फॉर्म बदलून काही होणार नाही, कामाचं मूल्यमापन, पुढच्या जागेसाठीची क्षमता, फीडबॅक, समुपदेशन, करिअर, ट्रेनिंग हे सगळं एकमेकांना जोडा आणि त्यासाठी वेगळं खातं करा. हे जे वेगळं करा म्हणणं आहे ना, मला तरी ते त्या अहवालातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, कारण युनियनशी करार करणारा आणि पगार कापणारा माणूस वेगळा आणि तुझं कुठं अडतंय असं विचारणारा वेगळा, एवढं झालं तरी लोक थोडं खरं बोलायला लागतात. पुढे पारीक-राव यांच्या मांडणीतून ऑक्टापॅक नावाची कसोटी आली, त्यात मोकळेपणा, प्रश्नाला भिडणं, विश्वास, खरेपणा, आपणहून पुढाकार, स्वायत्तता आणि सहकार्य अशा सात गोष्टी येतात. नीट बघितलं तर निम्म्या नीतिमत्तेच्याच आहेत, परीक्षेत पाठ करतात म्हणून तसं वाटत नाही एवढंच.

अप्रेजल आणि बेल कर्व्ह. वर्षातून एकदा केआरए, म्हणजे आपल्याकडून अपेक्षित असलेली मुख्य कामं, भरायचे, स्वतःला मार्क द्यायचे, मग साहेब देणार. इथली जुनी अडचण म्हणजे बेल कर्व्ह, थोडे वर, बहुतेक मध्ये आणि थोडे खाली अशीच माणसं वाटायची पद्धत. १० जणांच्या टीममध्ये दहाही जणांनी चांगलं काम केलं तरी एकाला खालच्या खणात टाकावंच लागतं कारण कर्व्ह बसायला पाहिजे. अमेरिकेत जीई कंपनीच्या जॅक वेल्च यांनी ही पद्धत गाजवली, वरचे २०, मधले ७०, खालचे १० टक्के, आणि त्या खालच्या दहांना घरी. मायक्रोसॉफ्टनं २०१३ ला असली सक्तीची क्रमवारी सोडून दिली. आपल्याकडे आकडा आधी वरून ठरतो आणि कारण नंतर लिहिलं जातं, त्यामुळे वर्षभर एक शब्द न बोललेल्या साहेबानं भरलेल्या फॉर्मवर अचानक "पुढाकाराचा अभाव" उगवतो. खालचा ग्रेड देणं यात काही चूक नाही हो, पण खोटं कारण लिहिणं ही चूक आहे, कारण तोच कागद पुढे त्या माणसाच्या ट्रेनिंगची गरज म्हणून वापरला जातो आणि नसलेल्या आजारावर औषध सुरू होतं.

ट्रेनिंग आणि स्किल मॅट्रिक्स. कारखान्यात लाईनच्या शेजारी एक बोर्ड असतो, तोच स्किल मॅट्रिक्स, डावीकडे ऑपरेटरची नावं, वर मशीन किंवा ऑपरेशन, आणि प्रत्येक चौकोनात चार भाग केलेला गोल. एक भाग काळा म्हणजे शिकतोय, दोन म्हणजे कुणाच्या तरी नजरेखाली करतो, तीन म्हणजे एकटा करतो, पूर्ण काळा म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. साधी आणि फार चांगली गोष्ट आहे, माणूस कुठं आहे ते त्याला स्वतःला रोज दिसतं. मी एका एमआयडीसीत काम करायचो तिथं ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी सुपरवायझर मार्कर घेऊन गोल भरत होते, आणि सहा महिन्यांच्या ट्रेनिंगच्या हजेरीपत्रकांवर शिफ्ट सुटताना सह्या घेतल्या गेल्या, माझीही होती. ग्राइंडिंगवर दोनच भाग काळे असलेला एक पोरगा रात्रीतून पूर्ण काळा झाला आणि पुढच्या आठवड्यात बोर्डाप्रमाणे त्याला खरंच एकट्याला तिथं लावलं. काही झालं नाही, नशीब. पण हजेरीपत्रकातली खोटी सही म्हणजे नुसती कागदाची गोष्ट आहे असं मला त्यानंतर वाटत नाही.

ट्रेनिंगचा उपयोग झाला का हे बघायला कर्कपॅट्रिक यांच्या चार पायऱ्या सगळीकडे शिकवतात, १९५९ पासूनच्या आहेत: लोकांना कसं वाटलं, काय शिकले, वागण्यात काय बदललं, कंपनीला काय मिळालं. आपण बहुतेक पहिल्या पायरीवरच थांबतो, फीडबॅक फॉर्मवर पाचपैकी पाच, आणि त्यातही जेवणाचे मार्क धरलेले असतात.

ट्रेनी नावाचा कामगार. सगळ्यात मोठा नैतिक प्रश्न मला इथं दिसतो. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही, शिकणारा आहे, म्हणून त्याला पगार नाही, विद्यावेतन. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला संख्येच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. हेतू चांगलाच आहे, आयटीआयच्या कितीतरी पोरांचे हात असेच बसले. पुढे २०१३ मध्ये एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय परिषदेची, नीम ही ट्रेनी घ्यायची योजना आली, तिच्यात ३ ते ३६ महिने ट्रेनी, अकुशल कामगाराच्या किमान वेतनाइतका स्टायपेंड, आणि कर्मचारी नसल्यामुळे पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) यांचा प्रश्नच नाही. आता जे काम आठवड्यात शिकून होतं ते तीन वर्षं शिकायचं म्हणजे काय, असेंब्ली लाईनवर तोच बोल्ट तोच टॉर्क, आणि शेजारी परमनंट माणूस तेच करून कितीतरी जास्त घेतोय. नंतर ती योजना बंद केली गेली पण डोकं तेच आहे, दर अकरा महिन्यांनी नाव बदलतं. ओळखायची खूण सोपी आहे, ट्रेनी सुट्टीवर गेला की लाईन थांबते का? थांबत असेल तर तो ट्रेनी नव्हे.

बाँड. आयटीत आणि बँकांत हमखास. कंपनीनं शिकवायचा खर्च केला म्हणून दोन-तीन वर्षं सोडायचं नाही, सोडलं तर इतके पैसे भरा. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ नुसार माणसाला धंदा-नोकरी करण्यापासून रोखणारा करार रद्द धरला जातो, म्हणून नोकरी सोडल्यावर अमुक वर्षं दुसऱ्या कंपनीत जायचं नाही ही अट कोर्टात बहुधा टिकत नाही. पण नोकरीत असतानाची अट वेगळी. विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडल्याबद्दल घेतलेले २ लाख रुपये सुप्रीम कोर्टानं मे २०२५ मध्ये योग्य ठरवले, सरकारी बँकेला भरतीचा मोठा खर्च पुन्हा नव्यानं करावा लागतो आणि त्या पदाच्या पगाराच्या मानानं रक्कम जाचक नाही असं म्हटलं. ते सीनियर मॅनेजरचं पद होतं हे मात्र लोक विसरतात आणि फ्रेशरला तोच निकाल दाखवून घाबरवतात. कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवीच असावी लागते, दोन आठवडे पीपीटी दाखवून दोन लाख मागणं हे त्यात बसवायला अवघड. आणि ओरिजिनल मार्कशीट कपाटात ठेवून घेणं हा तर बाँडही नाही, ती सरळ अडवणूक.

तक्रार कुणाकडे करायची. सुप्रीम कोर्टाच्या १९९७ च्या विशाखा निकालानं कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, कायदा व्हायला २०१३ उजाडलं. त्याप्रमाणे १० किंवा जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती पाहिजे, अध्यक्ष वरच्या पदावरची बाई, निम्म्या तरी सदस्य बायका आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार तीन महिन्यांत करायची, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, चौकशी ९० दिवसांत संपवायची, समितीच नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड. कागदावर चोख आहे. प्रत्यक्षात समितीची नावं नोटीस बोर्डावर असतात पण बाहेरची सदस्य कधी कुणी पाहिलेली नसते, आणि गुप्तता कायद्यानं बंधनकारक असूनही तक्रार दुपारपर्यंत पँट्रीत पोचलेली असते. मग त्या मुलीला सगळे सांगतात, अगं जाऊ दे, तुझंच नाव होईल.

इतर गैरप्रकारांसाठी, म्हणजे खोटी बिलं, परचेसमधलं कमिशन वगैरे, २०१३ च्या कंपनी कायद्यानं शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना व्हिजिल मेकॅनिझम, म्हणजे गैरप्रकार कळवायची सोय, सक्तीची केली, गरज पडली तर थेट ऑडिट कमिटीच्या अध्यक्षापर्यंत जाता येतं. भोसरीतल्या २५ माणसांच्या वर्कशॉपला यातलं काही लागू नाही, तिथं तक्रारपेटी मालकाच्या केबिनच्या दारालाच लावलेली असते.

लैंगिक छळाच्या कायद्यात मात्र याला एक वाट ठेवली आहे. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, किंवा दहापेक्षा कमी माणसं असल्यामुळे समितीच नसेल, तर प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते, आणि घरकाम करणाऱ्या बायकाही तिच्याकडे जाऊ शकतात.