हजेरी लागली, पण हुरूप? खानदेशातल्या वर्गाची पार्श्वभूमी

पोर शाळेत आलं म्हणजे शिकायला लागलं, हा समज जुना आहे आणि सरकारी योजनाही बऱ्याचशा त्याच समजावर उभ्या राहिल्या. शिकण्याची ओढ हजेरीपटावर मोजता येत नाही, एवढाच काय तो घोळ.

इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात निकालावर अनुदान देण्याची रीत होती. इन्स्पेक्टर येई, एकेका मुलाचं वाचन, लेखन, गणित तपासून घेई आणि पास होणाऱ्यांच्या हिशेबाने शाळेला पैसे मिळत. मग घोकंपट्टी आणि छडी यांचंच राज्य चालणार! अमळनेरला साने गुरुजी 1924 ते 1930 शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढत. ते वाचायला कुणाला गुण मिळत नव्हते.

पुढे आमिषं आली. 1992 पासून दुर्बल घटकांतल्या प्राथमिक शाळेच्या मुलींना रोजचा 1 रुपया उपस्थिती भत्ता. 1995 पासून 80 टक्के हजेरीवर महिन्याला 3 किलो तांदूळ. सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशानंतर शिजवलेली खिचडी. भुकेलं पोर फळ्याकडे बघत नाही, त्यामुळे खिचडीचं मोल कमी लेखू नये. पण दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी सुरू झाली, ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की पट रिकामा होतोच. दोन-चार महिन्यांनी परतलेल्या मुलाला वर्ग जिथे पोचला त्याच पानावर बसवलं, की आठवडाभरात ते पुन्हा गळतं. त्याला मागचे पाढे, मागचा धडा यांतलं जमेल असं आधी द्यावं लागतं: पाच गणितांत चार सुटणारी, एक अडवणारं.

बक्षिसांचं दुखणं अमेरिकेत 1973 साली प्रयोगात दिसलं. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची हौस असलेल्या बालवाडीच्या मुलांपैकी काहींना प्रशस्तिपत्राचं आश्वासन दिलं. नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांपेक्षा बरीच कमी चित्रं काढू लागली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची हौस मात्र टिकली. वहीवर रोज चांदणी देणाऱ्या गुरुजींनी हे ध्यानात घ्यावं. ज्या कामाची मुलाला गोडीच नाही, तिथे सुरुवातीला छोटं बक्षीस चालतं. ज्याची गोडी आहे तिथे ते घातक.

खानदेशातली खरी अडचण मात्र भाषेची. पहिलीतली पोर ‘मनं नाव’ म्हणून सुरुवात करते, बाई मध्येच ‘माझं म्हण’ म्हणतात आणि ती पुढचं वाक्य गिळते. असं चार वेळा झालं की हात वर होणं बंद. अहिराणीत पूर्ण बोलू द्यावं, मग तेच प्रमाण मराठीत बाईंनी सहज उच्चारावं. दुरुस्ती तेवढ्यात होते. अक्कलकुवा-धडगावकडे भिली, पावरी बोलणाऱ्यांचं अंतर तर आणखी मोठं. नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी (नर्मदा बचाव आंदोलनाने आदिवासी मुलांसाठी काढलेल्या शाळांनी) मुलांच्या बोलीतून सुरुवात केली, ती याचसाठी.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला. त्याने मारझोडीवर आणि आठवीपर्यंत नापास करण्यावर बंदी घातली. वर्गाला कामाला लावणारे दोन्ही जुने धाक कागदावर तरी गेले, त्यांच्या जागी काय वापरायचं याचा सराव मात्र बहुतेक शिक्षकांना नव्हता. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना परत मिळाली आणि महाराष्ट्राने ती घेतलीही.